हाताखाली घेणारा माणूस

आजचे छत्रपती संभाजीनगर ज्याने आखले, तो लहानपणी बाजारात विकला गेलेला मुलगा होता. मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. गुलाम म्हणून अनेक हातांतून फिरत तो दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी, गुलामगिरीतूनच वर आलेला. त्याच्या पदरी राहून अंबरने राज्याचा कारभार जवळून पाहिला. पुढे निजामशाहीची सूत्रे हाती आल्यावर १६१० मध्ये त्याने खडकी इथे नवे शहर वसवले आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी बांधून घेतली.

अंबर असामान्य बुद्धीचा होता, यात वाद नाही. पण त्या बाजारांतून विकल्या गेलेल्या मुलांमध्ये बुद्धिमान तो एकटाच असेल, असे मानणे कठीण आहे. त्याला चंगेजखान भेटला, बाकीच्यांना भेटला नाही.

खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर. या शहराच्या मध्यावर क्रांती चौक आहे. १८५७ च्या उठावात बंड करणाऱ्या इथल्या शिपायांना जिथे मृत्युदंड दिला गेला, तो काळा चबुतरा इथलाच, चौकाचे नावही त्याच स्मृतीतून आलेले. मधोमध छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, २०२२ मध्ये नव्या उंच चौथऱ्यावर उभा राहिलेला. चौकातून जालना रस्त्याने पूर्वेला निघाले की चिकलठाणा आणि त्यापुढे शेंद्रा, पश्चिमेला नगर नाक्यापलीकडे वाळूज. उत्तरेला पैठण गेटमार्गे जुने शहर लागते. म्हणजे मोटारीच्या सुट्या भागांपासून हिमरू शालीपर्यंत, वस्तू घडवण्याचे बहुतेक सगळे उद्योग या एका चौकातून निघणाऱ्या रस्त्यांवर सापडतात. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून शिकायला आलेली मुले इथून रोज ये-जा करतात. वस्तू घडवणारे आणि शिकायला आतुर असलेले असे एकाच रस्त्यावर असूनही त्यांची गाठ क्वचितच पडते.

या मुलांपैकी अनेकांच्या फायलीत ‘इंटरमिजिएट’चे प्रमाणपत्र असते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोचलेल्या आहेत, आणि याचे श्रेय सुट्टीच्या दिवशी मुलांना शाळेत बोलावून सराव करून घेणाऱ्या चित्रकला शिक्षकांना द्यायला हवे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांच्या जोडीला या परीक्षेत संकल्पचित्राचाही कागद असतो. चौकोनात आकार कसे बसवायचे, मोकळी जागा कुठे सोडायची, मोजके रंग कसे वापरायचे, हे मुलगा तेरा-चौदाव्या वर्षी करून पाहतो. डिझाइनच्या शिक्षणाची ही चांगली सुरुवात आहे, पण तसे त्याला कोणी सांगत नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत सात, पाच किंवा तीन गुण वाढतात आणि प्रमाणपत्राचे काम तिथेच संपते.

पुढच्या वाटा आहेत. शहरातच किलेअर्क परिसरात शासकीय कला महाविद्यालय आहे. अहमदाबादची एनआयडी १९६१ पासून आणि मुंबई आयआयटीतले औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ पासून देशाला डिझायनर पुरवत आली आहेत. पण राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग, भारी लॅपटॉप, महागडी सॉफ्टवेअर आणि वर्षाला लाखांत जाणारी फी यांचा हिशेब मांडला की कन्नडच्या किंवा गंगाखेडच्या घरात विषय तिथेच मिटतो. राखीव जागा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. तरीही त्याआधीचा एक अडथळा उरतो: स्विचचे बटण, औषधाचे वेष्टन, दुचाकीचा दिवा, मोबाइलवरचा पडदा हे कोणीतरी पगार घेऊन आखत असते, हेच घरात कोणाला ठाऊक नसते. ज्याचा मामा स्टुडिओत आहे त्याला ते जेवताना कळते.

अशा मुलांना आत घेण्याचा जुना मार्ग म्हणजे कारखान्यात कोणाच्या तरी हाताखाली काम करणे. त्याचे मराठी मुलखातले सर्वांत ठसठशीत उदाहरण कोल्हापूरचे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री १८९० मध्ये कोल्हापुरात कारागिराच्या घरात जन्मले. कलाशाळेचे शिक्षण नव्हते. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत ते संगीत नाटकांचे पडदे रंगवू लागले आणि दोघांच्याही नावापुढे पेंटर हेच आडनाव लागले. चलच्चित्राचे वेड लागल्यावर आनंदरावांनी कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिथे रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी खोली असलेले सेट बांधले गेले, वेशभूषा कागदावर आधी रेखाटली गेली, आणि चित्रपटाची जाहिरात करणारी चित्रमय भित्तिपत्रकेही तिथेच तयार झाली. आज ज्याला प्रॉडक्शन डिझाइन आणि ग्राफिक डिझाइन म्हणतात, ती दोन्ही कामे एका छपराखाली चालत होती.

त्या छपराखाली शिकलेली माणसे पाहिली की कार्यशाळेची ताकद कळते. कागलचे शेख फत्तेलाल हे कारागिरी करणाऱ्या मुस्लिम घरातले, पुढे सिनेसृष्टीत सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. दामले पेणकडचे. हे दोघे आनंदरावांच्या काळापासून पेंटरांच्या कामात होते. व्ही. शांताराम तिथे पोरसवदा वयात आले आणि पडेल ते काम करत शिकले. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्या पाच भागीदारांपैकी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे बाबूरावांच्याच तालमीतले होते. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी, त्यांनी भांडवल उभे केले. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. या चौघांपैकी कोणाची निवड प्रवेश परीक्षेतून झालेली नव्हती. त्यांना पाहणाऱ्याने त्यांचा हात पाहिला, चिकाटी पाहिली आणि खरे काम सोपवले.

खरे काम सोपवणे ही यातली महत्त्वाची गोष्ट. सरावाच्या कागदावरची चूक खोडता येते. नाटकाच्या पडद्यावरची चूक रात्री सगळ्या थिएटरला दिसते, त्यामुळे ती दुरुस्त कशी करायची हे उस्तादाला शिकवावेच लागते.

आता कोल्हापूरहून परत जालना रस्त्यावर यावे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. भारत आणि जर्मनी यांच्या तांत्रिक सहकार्यातून उभी राहिलेली ही संस्था केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. दहावीनंतर इथे टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा करता येतो, आणि साचे डिझाइन करण्याचे पुढचे अभ्यासक्रमही आहेत. ‘डिझायनर’ म्हटल्यावर वर्तमानपत्रात ज्यांचे फोटो येतात, त्यांच्यात इथली मुले दिसत नाहीत. पण आपल्या घरातल्या प्लास्टिकच्या जवळपास प्रत्येक वस्तूचा आकार शेवटी साचा आखणाऱ्यापाशी येऊन ठरतो.

तो कसा ठरतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. थंड होताना ते आकसते. एबीएससारखे प्लास्टिक शंभर मिलिमीटरला साधारण अर्धा मिलिमीटर, तर पॉलिप्रॉपिलीन एक ते अडीच मिलिमीटर आकसते. तेवढा हिशेब धरून पोलादातली पोकळी मोठी ठेवावी लागते. डब्याच्या भिंती अगदी सरळ उभ्या काढल्या तर तो साच्यातून सुटत नाही, म्हणून भिंतींना अंशभर उतार देतात. त्याला कारखान्यात ‘ड्राफ्ट’ म्हणतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथे वस्तूवर बारीक रेघ उमटते, ती डोळ्यांआड कुठे न्यायची हेही आधीच ठरवायचे. बळकटीसाठी आतून दिलेली पट्टी जाड झाली, तर बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खळगा पडतो. संगणकाच्या पडद्यावर हा खळगा सहज दिसत नाही. जुना टूलमेकर नापास झालेला तुकडा हातात देतो, ‘इथून बोट फिरव’ म्हणतो, आणि मुलाला पट्टीची जाडी कायमची कळते.

म्हणूनच या शिक्षणाची सुरुवात संगणकावरच्या कॅडने होत नाही, कानशीने होते. पोलादाचा ठोकळा शिकंज्यात धरून चारही बाजू काटकोनात घासायच्या. गुण्या लावून ठोकळा उजेडाकडे धरायचा. पाते आणि पोलाद यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की पुन्हा घासायचे. पहिल्या महिन्यांत हाताला फोड येतात आणि मुलांना वाटते, आपण डिझाइन शिकायला आलो की हमाली करायला. पण ज्याने आपल्या हाताने पोलाद काढले, तो पुढे कागदावर अशक्य कोपरा काढत नाही. शेतकऱ्याच्या किंवा मिस्त्रीच्या पोराला इथे एक फायदाही असतो. अवजार, वजन, साहित्याचा स्वभाव यांची जाण तो घरून घेऊन आलेला असतो. प्रवेश परीक्षेत या जाणिवेला गुण नाहीत, कारखान्यात आहेत.

हाताखाली शिकण्याच्या परंपरेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ही दारे जातीची आणि घराण्याची होती. हिमरूची वीण आणि पैठणीचा पदर ही विद्या बापाकडून मुलाकडे गेली, शेजाऱ्याच्या मुलाकडे गेली नाही. मुलींच्या वाट्याला बहुधा कांड्या भरण्याचे काम आले, नक्षी ठरवण्याचे नाही. आज पैठणमध्ये बायका मागावर बसून पैठणी विणतात, हा मोठा बदल आहे. ताण्याखाली आलेखाचा कागद, प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, आणि बोटांनी एकेक धागा मोजत पुढे जाणारी मुनिया किंवा बांगडीमोर. पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो इतकी ही वीण नेटकी असते. पण बहुतेक ठिकाणी आलेख काढणारा वेगळा आणि विणणारी वेगळी. मजुरी विणण्याची मिळते, नाव नक्षीचे होते.

ही दरी कशी बुजवायची, याचा एक चांगला नमुना कच्छमध्ये आहे. अमेरिकेतून आलेल्या वस्त्रअभ्यासक ज्युडी फ्रेटर यांनी २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय सुरू केले आणि २०१४ पासून ते काम सोमय्या कला विद्येतून पुढे गेले. विणकर, बांधणी करणारे, अजरख छापणारे आणि भरतकाम करणाऱ्या बायका यांना तिथे डिझाइन शिकवले जाते, तेही त्यांच्याच भाषेत. वर्षभरात दोन-दोन आठवड्यांचे सहा टप्पे, मधल्या काळात घरी जाऊन आपल्या मागावर करायचे काम, आणि समाजातली जाणती कारागीर मंडळी सल्लागार. धंदा बंद ठेवून दोन वर्षे वसतिगृहात राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठीच हे वेळापत्रक आखले आहे. तिथून बाहेर पडलेल्या कारागिरांचे कापड त्यांच्या स्वतःच्या नावाने विकले जाते. पैठण, येवला किंवा संभाजीनगरच्या हिमरू मागांसाठी असे विद्यालय मराठीत का नसावे? मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी हा प्रश्न मनावर घ्यावा.

कायद्याने आपल्याकडे बरीच तरतूद केलेली आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा. त्यात १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि २००७ च्या दुरुस्तीने इतर मागासवर्गीयांसाठी जागा राखून ठेवण्याची सोय झाली. ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, टूल अँड डाय मेकर, डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर असे डिझाइनला लागून असलेले व्यवसाय यादीत आहेत. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ ची. तिच्यात विद्यावेतनाचा पाव हिस्सा, १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते.

गोम त्या तीसच्या आकड्यात आहे. वाळूजच्या मोठ्या कारखान्यांना सक्ती लागू होते आणि ते दरवर्षी उमेदवार घेतातही, बहुतेक उत्पादनाच्या ओळीवर. डिझाइनचे काम मात्र छोट्या कार्यालयांत चालते. जाहिरात संस्था, अंतर्गत सजावटीचे कार्यालय, साचे आखणारे कन्सल्टंट, वेबसाइट बनवणारी चौघा-पाचांची टोळी, यांच्यापैकी क्वचितच कोणाकडे तीस माणसे असतात. त्यांना सक्ती नाही. चार ते एकोणतीस माणसे असलेली आस्थापना स्वेच्छेने उमेदवार घेऊ शकते, एवढेच. परिणामी कायदा जिथे जोरात चालतो तिथे डिझाइन कमी, आणि जिथे डिझाइन चालते तिथे कायदा विनंतीपुरता.

ही पोकळी बिनपगारी इंटर्नशिपने भरली गेली आहे. पुण्या-मुंबईत खोलीभाडे भरून सहा महिने फुकट काम करू शकणाऱ्यालाच तिचा उपयोग. घरून पैसे मागवणे शक्य नसलेली मुलगी तिथे अर्जही करत नाही, आणि तिच्या गुणवत्तेची परीक्षा होण्याआधीच ती बाद होते. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन तिने सुरू केले. पैशाची अडचण त्यामुळे काही अंशी हलकी होते. मात्र सुरुवातीला तिची मुदत सहा महिने ठेवली होती. तेवढ्या काळात माणूस कार्यालय ओळखतो, काम शिकायला दोन-तीन वर्षे लागतात. आणि कोणी शिकवायचे, हे नेमून दिल्याशिवाय उमेदवार झेरॉक्स काढत बसण्याचा धोका राहतो.

इंग्लंडमधले एक उदाहरण इथे सांगायला हवे. स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला वास्तुविशारद व्हायचे होते. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनच्या एल्टम भागात बसची वाट पाहत असताना वंशद्वेषातून त्याचा खून झाला. त्याच्या आईने, डोरीन लॉरेन्स यांनी, १९९८ मध्ये त्याच्या नावाने न्यास काढला. वंचित घरांतल्या मुलांना वास्तुकला शिकण्यासाठी या न्यासाने पैसे दिले, आणि त्याचबरोबर त्यांना नामांकित कार्यालयांतले मार्गदर्शकही मिळवून दिले. पुढे २०१८ पासून इंग्लंडमध्ये नोकरी करत, पगार घेत वास्तुविशारद होण्याची पदवी-उमेदवारीची सोय झाली.

पैसा आणि मार्गदर्शक ही जोडी फोडता येत नाही. नुसते विद्यावेतन मिळाले तर मुलगा टिकतो, पण वर चढत नाही. नुसता मार्गदर्शक मिळाला तर तिसऱ्या महिन्यात खोलीभाड्यापायी तो गावी परततो. मार्गदर्शकाचे काम दिसायला किरकोळ असते. पोर्टफोलिओत पन्नास चित्रे कोंबू नको, दहा ठेव आणि प्रत्येकामागची कच्ची रेखाटने दाखव. ग्राहकाने ‘लोगो मोठा करा’ म्हटले तर लगेच मान डोलावू नको, आधी त्याला काय खटकते आहे ते विचार. कामाचे पैसे सांगताना आवाज खाली आणू नको. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत बोल, पण कागदावरचे रेखाटन चोख ठेव. आणि वेळ आली की ओळखीच्या कार्यालयात एक फोन, ‘मुलगी चांगली आहे, बघून घ्या.’ सुस्थित घरातल्या मुलाला हे सगळे वाढत्या वयात न मागता मिळते. पहिल्या पिढीतल्या मुलीसाठी ते कोणीतरी जाणीवपूर्वक करावे लागते.

यात उद्योगाचाही फायदा आहे. ज्यांच्यासाठी वस्तू बनते, त्यांच्यातला माणूस आखणीच्या टेबलावर असला तर चुका लवकर पकडल्या जातात. फवारणी पंपाचा पट्टा खांद्यात कुठे रुततो, हे कापसाच्या शेतात फवारणी केलेल्याला विचारावे लागत नाही. बसस्थानकावरची पाटी कोणत्या उंचीवर लावली की गर्दीत वाचता येते, हे रोज एसटीने येणाऱ्या मुलीला ठाऊक असते.

संभाजीनगरच्या स्टुडिओवाल्यांना, साचे आखणाऱ्यांना, मुद्रकांना आणि वास्तुविशारदांना एवढीच विनंती आहे: या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला एक मुलगा किंवा एक मुलगी उमेदवार म्हणून घ्या, विद्यावेतन द्या, आणि कार्यालयातला एक अनुभवी माणूस त्याच्या किंवा तिच्यासाठी नावानिशी नेमा. चित्रकला शिक्षकांनीही इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळवणाऱ्या मुलांना एकदा टूल रूमला, एकदा पैठणच्या मागावर आणि एकदा छापखान्यात घेऊन जावे. ज्या कार्यालयात चार माणसे आहेत, त्यालाही केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदणी करता येते. त्यासाठी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात किंवा जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करावी.